शिवण सहा ओळींची, घरं तीन

वाईच्या मैदानांवर पोरांचे पहिले क्रिकेट टेनिसच्या चेंडूचे. मग एखाद्या सुट्टीत कुणीतरी ‘सीझन बॉल’ घेऊन येतो. तो हातात आला की आधी त्याचे वजन जाणवते आणि मग अंगठा आपोआप शिवणीवरून फिरतो. ती उंचावलेली शिवण बोटांना लागते तेव्हा कळते, हा खेळ वेगळा आहे.

टाके उसवलेला एखादा जुना चेंडू कापून पाहावा. आत बुचाचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेला लोकरीचा दोरा आणि वर कमावलेल्या कातड्याचे चार तुकडे. त्या तुकड्यांच्या दोन वाट्या होतात आणि त्या वाट्या जिथे जुळतात, तिथे टाक्यांच्या सहा ओळी. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये नव्या चेंडूचे वजन 155.9 ते 163 ग्रॅम असावे लागते आणि परीघ 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. महिलांचा चेंडू थोडा हलका असतो, 140 ते 151 ग्रॅमचा.

नियम वजन-मापे सांगतो, पण चेंडू कुणी बनवायचा ते सांगत नाही. कसोटीत ती निवड यजमान मंडळाची. त्यामुळे जगातले कसोटी क्रिकेट आज मुख्यतः तीन नावांत वाटले गेले आहे.

भारतात ‘एसजी’, म्हणजे सॅन्सपॅरिल्स ग्रीनलँड्स. आनंद बंधूंनी 1931 मध्ये सियालकोटला ही कंपनी सुरू केली. फाळणीनंतर तिचे बिऱ्हाड भारतात आले आणि मेरठला स्थिरावले. सहाही ओळी हाताने शिवलेल्या, शिवण जाड आणि ठळक. ती बराच काळ टिकते, म्हणून फिरकी गोलंदाजाच्या बोटांना तिचा आधार मिळतो. आपल्या खरबरीत खेळपट्ट्यांवर चकाकी मात्र लवकर उतरते.

इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये ‘ड्यूक्स’. केंटमधल्या ड्यूक घराण्याचा हा वारसा 1760 पासूनचा. 1987 पासून त्याची मालकी भारतात जन्मलेल्या दिलीप जाजोदियांकडे आहे. हाही हाताने शिवलेला. गडद रंग, टिकणारी चकाकी, ढगाळ हवेत दीर्घकाळ होणारा स्विंग, ही त्याची ओळख.

ऑस्ट्रेलियासह बहुतेक इतर देशांत ‘कुकाबुरा’. मूळ कंपनी 1890 ची, मेलबर्नची. याच्या मधल्या दोन ओळी हाताच्या, बाकीच्या यंत्राच्या. सुरुवातीला तो झपाट्याने हलतो, पण वीसेक षटकांत शिवण बसते आणि फलंदाजाचे दिवस येतात. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांतला पांढरा चेंडूही याच घरचा.

आपल्या सांगलीत घडलेल्या स्मृती मानधनाने ऑक्टोबर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरारा मैदानावर गुलाबी कुकाबुराला सामोरे जात 127 धावा केल्या. दिवस-रात्र कसोटीत शतक करणारी ती पहिली भारतीय महिला. गुलाबी चेंडूच्या सरावाला फारसा वेळ नसताना केलेली ती खेळी होती. चेंडू ओळखणे हीसुद्धा एक विद्याच आहे, हे ती खेळी पाहताना पटते.

या चेंडूंबद्दल तक्रारीही झाल्याच. 2018 मध्ये विराट कोहलीने एसजीचा चेंडू पाच षटकांतच खरबरीत होतो असे सांगून जगभर ड्यूक्सच वापरावा, अशी सूचना केली. त्यानंतर एसजीने चेंडूत सुधारणा केली आणि 2019 च्या हंगामात शिवण अधिक काळ टिकू लागली. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात तोच ड्यूक्स वारंवार आकार बिघडल्यामुळे बदलावा लागला. दोष कोणत्याही घरात निघू शकतो.

मग सगळीकडे एकच चेंडू का नसावा? मला हे पटत नाही. कृष्णाकाठची काळी माती आणि पर्थची टणक खेळपट्टी सारखी नाही, तसा चेंडूही सारखा नसावा. परदेशात जिंकणे मोठे वाटते ते याच कारणाने. माती, हवा आणि चेंडू, तिन्ही परके असतात आणि तरी आपला खेळाडू तिथे उभा राहतो.

पण त्याची तयारी घरी व्हायला हवी. ऑस्ट्रेलियाने शेफील्ड शील्डमध्ये काही हंगाम अर्धे सामने ड्यूक्सने खेळवले. इंग्लंडने 2023 पासून कौंटी स्पर्धेच्या काही फेऱ्या कुकाबुराने घेतल्या. रणजी करंडकातही दरवर्षी दोन-तीन फेऱ्या परक्या चेंडूने व्हाव्यात, आणि जिल्ह्याच्या शिबिरांतही हे दोन चेंडू मुलांच्या हाती पडावेत. वाई-सांगलीच्या मुलाच्या अंगठ्याला तिन्ही शिवणी ओळखीच्या झाल्या, तर लॉर्ड्सचा चेंडू त्याला पहिल्यांदा लॉर्ड्सवरच भेटणार नाही.