समुद्रास वाट देणारें देवालय

जपानांतील हिरोशिमा नगराच्या नैर्ऋत्येस, सेतो नांवाच्या अंतर्गत समुद्रांत, मियाजिमा हें वनाच्छादित बेट आहे. पैलतीराहून आगबोटीनें दहा मिनिटांत तेथें पोहोंचतां येतें. पूर्वीं संपूर्ण बेटच देवस्वरूप मानीत. म्हणून इत्सुकुशिमा देवालय कोरड्या भूमीवर न बांधतां, भरतीचें पाणी जेथें येतें तेथें खांब उभारून बांधलें, असें सांगतात.

येथील अधिष्ठात्री देवता तीन भगिनी असून त्या नाविकांच्या रक्षणकर्त्या होत. त्यांपैकीं इचिकिशिमाहिमे हिचें बेन्झाइतेन देवीशीं ऐक्य पुढें मानलें गेलें. आणि बेन्झाइतेन म्हणजे सुवर्णप्रभाससूत्राच्या चिनी भाषांतरांतून जपानास पोहोंचलेली आपली सरस्वतीच! मूळची नदीदेवता परदेशीं सागरतीरीं पूजिली जावी, याचें संस्कृतज्ञास कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. 1868 सालीं सरकारी आज्ञेनें शिंतो व बौद्ध उपासना विभक्त झाल्या. बेन्झाइतेनची मूर्ति आतां शेजारच्या दाइगान्जी मंदिरांत आहे.

देवालयाची स्थापना परंपरेनें इ. स. 593 मधील मानतात. आजची भव्य मांडणी मात्र 1168 च्या सुमारास ताइरा नो कियोमोरी या प्रबळ सरदारानें सिद्ध केली. ओहोटीच्या वेळीं यात्रेकरू वाळूंतून चालत महाद्वारापर्यंत जातात. 1875 सालीं उभारलेलें, सुमारें 16 मीटर उंचीचें हें द्वार कापराच्या झाडांच्या खांबांवर उभें आहे. खांब खोल पुरलेले नाहींत. वरच्या पोकळ तुळईंत दगड भरले असून, स्वतःच्या भारानेंच तें स्थिर राहतें.

भरती चढली म्हणजे पाणी ओवऱ्यांखालीं येतें. तेथील फळ्यांमध्यें मुद्दाम फटी ठेविल्या आहेत. लाटा खालून उसळल्या, तर पाणी फटींतून वर येतें व त्यांचा जोर ओसरतो. 1991 व 2004 च्या तुफानांत कांहीं भाग मोडले खरे. परंतु ते पुन्हां उभारण्यांत आले.

ज्या कियोमोरीनें समुद्रदेवतांस हें वैभव अर्पिलें, त्याचें कुल 1185 सालीं याच समुद्राच्या पश्चिम टोंकाशीं, दान्नोउराच्या नाविक युद्धांत लयास गेलें. त्याचा बालनातू सम्राट अंतोकु तेथेंच बुडाला. शस्त्रबळानें मिळविलेलें राज्य असें गेलें. फटी राखून बांधलेल्या ओवऱ्यांची परंपरा अद्याप चालू आहे. मोठ्या कुटुंबाचा भार वाहणाऱ्या वडील मंडळींनीं या फटींचा अवश्य विचार करावा. घरांतील तरुणांच्या उसळीला थोडी वाट ठेविली, तर खांब हालत नाहींत.