बुजलेल्या गाढवाला माणसाळवताना

वीटभट्टीवरून सोडवलेले गाढव माणूस जवळ येताच बहुधा उधळत नाही, जागीच थिजते. धोक्याचा अंदाज घेण्याची ही त्याची रीत. तिलाच हट्टीपणा समजून काठी उगारली जाते आणि भीती आणखी मुरते. भट्टीवर राबणाऱ्या गाढवावरही ५० किलोंहून अधिक ओझे लादू नये, असा केंद्राचा १९६५चा नियम आहे. सांगली-सोलापूर भागात ‘ॲनिमल राहत’ ही संस्था अशा कष्टकरी जनावरांसाठी काम करते.

नव्या जागी आणताना गाढवाची जोडीदारापासून ताटातूट करू नये. एकटे पडलेले गाढव चारा सोडते, आणि उपाशीपणी रक्तातली चरबी वाढून ते दगावू शकते. माणसाने रोज ठरल्या वेळी आवारात नुसते बसावे, नजर रोखू नये. जवळ यायचे ते गाढवानेच. नाकपुड्या फुलवून त्याने तळहात हुंगला, तरी लगेच हात लावू नये. पहिला स्पर्श खांद्याजवळ, आयाळीच्या मुळाशी खाजवून करावा. त्याने अंग चोरले की हात मागे घ्यावा. कान आणि पाय सर्वांत शेवटी. गाढव दुखणे लपवते, त्यामुळे एकाएकी गप्प झालेले गाढव निवळले असे न समजता पशुवैद्याला दाखवावे.