सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडंना

सकाळी ७:३०
फाउंड्रीची रात्रपाळी सुटते तेव्हा शिरोलीत माझा पहिला फोन वाजतो. "भावा, सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडंना." कंपनीच्या गेटसमोर एक छोटी कार उभी. इंजिन सुरू होतं, दोन सेकंदांत बंद. मालकाने फ्यूल पंपाचा फ्यूजही बदललेला. मीटरवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय, तिकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. तो दिवा सांगतोय की गाडीने चावी ओळखलेली नाही. पंपाच्या वाटेला जायचं कारणच नाही.
जुडग्यात अंबाबाईचं पितळी किचेन, मोटारसायकलची चावी आणि घरच्या दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी. दोन चिपा शेजारी आल्या की उत्तरांची सरमिसळ होते. ती चावी वेगळी केली, गाडी सुरू. चहावर भागलं.

९:३०
दुकान उघडलं. पहिल्या गाडीला मल्टीमीटर लावला. उभ्या गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी; सेल्फ मारताना ती नऊच्या खाली गेली की कॉम्प्युटर गडबडतो आणि आळ येतो इमोबिलायझरवर, म्हणजे चावी ओळखणाऱ्या यंत्रणेवर. इथे टर्मिनलच सैल होतं.

११:००
खरं डोकं लावायचं काम हे. गाडी टोचन करून आणलेली. रिमोटने दारं उघडतात, इंजिन मात्र सुरू होत नाही. "रिमोट चालतोय म्हणजे चावी ठीकच की," असं मालकांचं म्हणणं. रिमोट आणि चिप यांची कामं वेगवेगळी असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चिपला सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तारेची एक रिंग असते. चावी फिरवली की रिंगच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. पटली तर कॉम्प्युटर इंधन सोडतो.
"कव्हर कधी बदललं, अण्णा?"
"परवाच. जुनं फुटलं होतं."
जुनं कव्हर सुदैवाने घरीच होतं. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी चिप त्याच्या खाचेत तशीच बसलेली. नवं कव्हर घालणाऱ्याने रिमोटची पट्टी तेवढी हलवली होती.

दुपारी २:००
सांगली फाट्यावरून फोन. बटन स्टार्टची गाडी, रिमोटचा सेल संपलेला. "रिमोट बटनालाच टेकवा आणि ब्रेक दाबून बटन मारा." बऱ्याच मॉडेलांत ही सोय असते, काहींत रिमोट ठेवायची जागा वेगळी, ती पुस्तकात दिलेली असते. पाच मिनिटांत "झालं!" असा मेसेज.

३:३०
पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी. पंचगंगेच्या पुराने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये इथला महामार्ग बंद पडला होता. तेव्हापासून चावी न ओळखण्याचा दोष आला की मी आधी डॅशबोर्डखाली हात घालतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. साफ केल्या, एक वायर बदलली. आधी तिथे न बघता कॉम्प्युटर बदलायला काढला असता तर खर्च भलताच वाढला असता.

६:००
जुन्या गाड्यांचा एक एजंट आला. एकच चावी, तीही अडखळते. "बायपास मार, कटकट मिटव." मी इमोबिलायझर बायपास करत नाही; त्याशिवाय गाडी चोराला सोपी जाते. अमेरिकेत २०१५ च्या ह्युंदाई-किया मॉडेलांपैकी जेमतेम २६ टक्क्यांत इमोबिलायझर स्टँडर्ड होता, इतर कंपन्यांच्या ९६ टक्क्यांत. या गाड्या पळवायच्या युक्तीचे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. शिवाय गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. नवी चावी कोड करायची तर आरसी दाखवायची, मालकाचं ओळखपत्र दाखवायचं. त्यावर एजंट निघून गेला.

जुनी गाडी घेणार असाल तर दोन्ही चाव्या हातात घ्या, आणि प्रत्येक चावीने इंजिन सुरू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.