लग्न झाल्याचा पुरावा

लग्न झाले, हे आपल्याकडे कोणी सिद्ध करीत बसत नाही. चारशे पाने उठली, शेजारणींनी रुखवताला नावे ठेवली, आणि आहेराच्या साड्यांवरून दोन घरी अबोला झाला. याहून भक्कम पुरावा तो कोणता? पण जावई मेलबर्नचा असला, की पुरावा मागितला जातो, आणि मागणारे साक्षात ऑस्ट्रेलियाचे सरकार असते.

आमच्या भाचीचे लग्न गेल्या मार्गशीर्षात पुण्यास झाले. मुलगा तिकडचा नागरिक. तीन आठवड्यांची रजा काढून आला, बोहल्यावर चढला, कुलदैवताला जोडीने नमस्कार करून आला आणि कामावर रुजू व्हायला परत गेला. मागे उरली भाची आणि तिचा अर्ज. मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून घरातले लिहिण्याचे प्रत्येक काम माझ्याकडे येते, अशी आमच्याकडे जुनी वहिवाट आहे. त्यामुळे हा अर्ज मी अगदी जवळून पाहिला.

अर्ज एक, पण व्हिसा दोन. 309 क्रमांकाचा तात्पुरता आणि 100 क्रमांकाचा कायमचा. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक, म्हणजे आपले पाच लाख रुपये उलटले. शिवाय अर्ज नामंजूर झाला, तरी ती सहसा परत मिळत नाही. दादाने आकडा ऐकला आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा ऐकला. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी वगैरे गोष्टी धावपळीच्या असल्या, तरी समजण्यासारख्या असतात. खरा घोळ पुढे आहे.

नवराबायकोचे नाते खरे आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्यांच्या 1994 च्या नियमांत चार अंगे सांगितली आहेत: पैशाचा व्यवहार, घरसंसार, समाजातील ओळख आणि परस्परांशी बांधिलकी. घरकाम दोघांत कसे वाटून घेता, हेही लिहायचे. वहिनी म्हणाली, “वन्सं, त्यात लिहायचं काय? आणि तीन आठवडे तर दोघं पाहुण्यांच्या पंगतीतच होती!”

वहिनीचे बोलणे खोटे नव्हते. ठरवून केलेल्या लग्नाला त्या सरकारची ना नाही. पण आपले ठरवून केलेले लग्न कागद मागे ठेवते ते केटररचे आणि कार्यालयाचे. दोघांच्या जिव्हाळ्याची पावती कोणी फाडत नाही. लग्नाचे फोटो चौदाशे होते. त्यांत आत्या, मावशा, व्याही, विहिणी, ऑफिसातले साहेब सगळे होते. नवराबायको एकमेकांकडे पाहत आहेत असे फोटो शोधता शोधता रात्र झाली. जे सापडले, त्यांत फोटोवाल्याने हनुवटी धरून मान वळवल्यासारखी दिसत होती. भाचीने ते बाजूला ठेवले आणि कुलदैवताच्या पायऱ्यांवरचा, कोणीतरी फोनवर काढलेला, थोडा हललेला एक फोटो निवडला. त्यात जावई तिची चप्पल हातात घेऊन उभे आहेत. मला तिची निवड पटली.

परक्या राज्याने आपल्या लग्नाची पारख करावी, ही गोष्ट काही आजची नाही. 1913 च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ख्रिस्ती विधीने न झालेले आणि तिथल्या दप्तरी न नोंदलेले विवाह कायदेशीर नव्हेत. एका फटक्यात हजारो हिंदी बायका कायद्याच्या लेखी कोणाच्याच बायका उरल्या नाहीत. त्याच वर्षी कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. 1914 च्या कायद्याने ती चूक बरीचशी दुरुस्त झाली. पुढे 1918 साली लंडनच्या साम्राज्य परिषदेत ठरले, की वसाहतींत कायम वस्ती केलेल्या हिंदी लोकांनी बायको आणावी, पण एकच, आणि ती कायदेशीर असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारने द्यावा. म्हणजे दाखल्याचे हे दुखणे शंभर वर्षांचे आहे. फरक एवढाच, की तेव्हा लग्न खरे की खोटे हे विधीवरून ठरे, आता मायेवरून ठरते.

आणि मायेचा दाखला लिहिणे फार अवघड. ओळखीच्या माणसांची निवेदने जोडावी लागतात. मी लिहायला बसले. “दोघांचे परस्परांवर प्रेम आहे” हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिले असेल, पण सख्ख्या भाचीबद्दल लिहिताना पेन अडले. ते वाक्य खोडून मी पाहिलेलेच लिहिले. इथे संध्याकाळचे सहा वाजले, की तिकडे रात्रीचे साडेदहा होतात. त्या वेळेला फोन येतो. वहिनीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्या आठवड्यात तो दिवसातून तीनदा येई. एकदा जावई नुसते “हॅलो” म्हणाले, तर भाचीने विचारले, “जेवला नाहीस ना?” खरोखरच जेवले नव्हते. एवढेच लिहिले. शोभेचे विशेषण एकही घातले नाही. ज्यांच्या घरी असा अर्ज चालू आहे, त्यांना मी हेच सांगेन. बनवलेल्या कागदाचा वास साहेबाला लगेच येतो.

या चौकशीचा मला राग येतो, पण पुरता नाही. एका माणसाला अशी हमी आयुष्यात साधारणपणे दोनदाच घेता येते, तीही पाच वर्षांचे अंतर ठेवून. हमी घेणाऱ्याचाही पोलिसांकडील दाखला मागतात. आणि तिकडे गेल्यावर नवऱ्याने छळ केला, संबंध तुटला, तरी बायकोचा कायम वास्तव्याचा मार्ग बंद होऊ नये, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. मुलीच्या बापाने स्थळाचा पगार विचारण्याआधी हे वाचावे.

राग येतो तो वाट पाहण्याचा. भाचीने नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला आहे, दिलेला नाही. श्रावणात मंगळागौर झाली, “अजून इथेच का गं?” असे सातजणींनी विचारले. सासरी अजून गेली नाही, आणि माहेरी राहिली तरी पूर्वीची उरली नाही. बॅग मात्र कपाटावर भरून ठेवली आहे. थंडीचे कपडे त्यात आहेत, म्हणून या वर्षी तिने इथे स्वेटर घातला नाही.

दिवाळसणाला जावई येणार नाहीत. रजा उरलेली नाही. वहिनीने अंगठी करायला टाकली आहे. अर्जाला दोन वर्षे झाली, की कायमच्या व्हिसासाठी पुन्हा पुरावे पाहतात, हे तिला कोणीतरी सांगितले. तेव्हापासून तिने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रिकामा करून घेतला आहे, आणि काल सोनाराकडे निघालेल्या दादाला जिन्यातून ओरडून सांगत होती, “पावती दोघांच्या नावाने करून आणा हो!”