डिकाक्शन उतरेपर्यंत

हैदराबादच्या नल्लकुंट्यात कोणाचाही पत्ता फीवर हॉस्पिटलपासून सुरू होतो. मी वर्षभर जिथं जातेय ती फिजिओथेरपीची खोलीही तशीच: हॉस्पिटलच्या अलीकडची गल्ली, खाली इस्त्रीवाला, वर अठरा पायऱ्या. आकडा पाठ आहे, कारण पहिल्या दिवशी कठडा धरून एकेक पायरी मोजत चढले होते.

हॉस्पिटलला नाव रोनाल्ड रॉस यांचं. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, तो त्यांनाच. पण तापाचं एक बरं असतं, तो चढतो तसा उतरतो. कंबर आज धरते, उद्या सोडते आणि परवा भाजीची पिशवी उचलताना पुन्हा आठवण करून देते.

वर बसणारी मुलगी तिशीच्या आतली, निजामाबादकडची. मी तेलुगूत ‘नडुमु नोप्पी’ एवढंच म्हणाले. बाकीचं तिनं आपल्या हैदराबादी हिंदीत विचारून घेतलं. मी कंबरेला पट्टा आवळून गेले होते. तो तिनं सोडवला, गुंडाळून माझ्याच पिशवीत घातला आणि म्हणाली, “आंटी, ये पट्टा नक्को. अंदर का पट्टा बनाते अपन.”

मला ते उगीच वाटलं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनाही तेच म्हणतात: जुनाट कंबरदुखीत पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट नकोत, व्यायाम हवा. आमच्या घरी तर कंबर धरली की आठवडाभर आडवं व्हायची रीत. अमेरिकेत १९८६ सालीच तपासून झालं होतं की दोन दिवस झोपलेले आणि सात दिवस झोपलेले सारखेच बरे होतात. सातवाल्यांची रजा तेवढी जास्त खर्ची पडते.

तिनं तीन प्रकार दिले. कॅनडात कण्याचा अभ्यास केलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या नावानं ते ओळखले जातात. पाठीवर झोपून, हात कंबरेखालच्या पोकळीत घालून डोकं-खांदे जेमतेम उचलायचे. मग कुशीवर कोपरावर तोलायचं. तिसरा चार पायांवर: उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दहा आकडे होईतो थांबायचं. हा बघायला पोरखेळ वाटतो. तिनं माझ्या माकडहाडाच्या वर रिकामा स्टीलचा पेला ठेवला. पाय उचलला मात्र, पेला खळ्ळकन फरशीवर. पाय उंच नेण्याच्या नादात मी कंबर फिरवत होते. “पाँव नई उठाना, पीछू की दीवार को ढकलना,” ती म्हणाली. भिंत ढकलायला लागल्यावर पेला थरथरला, पण टिकला. आकडे सातवर आले तेव्हा पोटात, खोल आत, काहीतरी आवळलेलं कळलं. बाळंतपणानंतर त्या जागेची मी चौकशीच केली नव्हती.

सहा, मग चार, मग दोन अशा उतरत्या फेऱ्या. दीड महिन्यात अठरा पायऱ्या न मोजता चढायला लागले, आणि तिथंच घात झाला. दुखतं तोवर माणूस व्यायाम करतोच. त्याला हुरूप लागत नाही. दुखणं गेलं की चटई कपाटावर जाते. मी लग्नासाठी काचीगुड्याहून नांदेडला गेले, बारा दिवसांनी आले, घर आवरायचं म्हणून आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दारातला पेपर उचलायला वाकले ती तशीच राहिले. सिलिंडर नाही, बादली नाही, पेपर!

मी बोलणी खायच्या तयारीनं गेले. तिनं एवढंच विचारलं, “सुबह उठके पहले क्या करते?”

“कॉफी.” चाळीस वर्षं इथं काढल्यावर चहा मागे पडलाय. रोज सकाळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, त्यावर छत्रीसारखी दाबणी, मग उकळतं पाणी.

“डिकाक्शन उतरने को कितना टाइम?”

कधी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावलं: चौदा मिनिटं. तिन्ही प्रकारांच्या फेऱ्यांनाही साधारण तेवढीच लागतात. चटई कपाटावरून उतरून ओट्याशेजारी आली. पाणी ओतलं की खाली बसायचं. आज करू की नको हा प्रश्नच पडत नाही, कारण कॉफी करू की नको असा प्रश्न या घरात कधी पडलेला नाही.

खालचा इस्त्रीवाला तेव्हा अय्यप्पाच्या दीक्षेत होता. काळे कपडे, अनवाणी, त्याला हाक मारायची तर ‘स्वामी’. एकेचाळीस दिवस बिडीला शिवला नाही; बेचाळिसाव्या दिवशी कोळशाच्या इस्त्रीवरच पेटवून घेतली. लंडनच्या एका विद्यापीठाचं २०१० मधलं काम मला त्या वेळी वाचायला मिळालं. नवी सवय आपोआप व्हायला लोकांना साधारण सहासष्ट दिवस लागले, कुणाला अठराच, कुणाला तर अडीचशेच्या वर हिशेब गेला. मधला एखादा दिवस हुकला तर फार बिघडत नाही, हेही त्यात होतं. मला एवढंच हवं होतं. कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाच्या हिशेबाखाली मी बारीक फुल्या मारते. आषाढात दोन रिकामे आहेत. ते तसेच ठेवलेत, खोट्या फुल्या नकोत.

परवा नवी पूड जरा बारीक दळून आली. सहा, चार, दोन संपले तरी डिकाक्शन उतरेना. म्हणून पुन्हा सहापासून सुरुवात केली. पाठीवर पेला, उजवा हात पुढे. दारातून यांनी विचारलं, “आज कॉफी मिळणार आहे का?” मान वळवता येत नव्हती, पेला पडला असता. “तुम्हीच बघा,” म्हटलं, “अजून ठिबकतंय का ते.”