पुढे पाठवलेला शब्द

आमच्या घरात हळदीचा व्यापार तीन पिढ्यांचा आहे. आजोबांच्या काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. कागद नाही, साक्षीदार नाही. तरीही एकदा ठरलेला भाव कधी फिरला नाही. ज्या घरात शब्दाला एवढी पत होती, त्याच घरात माझ्या हातून शब्दाचा एक अपराध घडला. तो आज वाचकांपुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मोबाईलवर एक चित्रफीत आली. एका गिरणीत हळदीच्या पुडीत कसलीशी पिवळी भुकटी मिसळली जात होती आणि खाली आमच्याच पेठेतील एका व्यापाऱ्याचे नाव लिहिलेले होते. मी ती तत्काळ तीन गटांत पाठवली. लोकांना सावध करावे, हाच हेतू होता, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे सांगायचे तर ते आमचे स्पर्धक होते, आणि मनाच्या तळाशी किंचित समाधानही होते. पुढे कळले, की ती चित्रफीत जुनी आणि परप्रांतातील होती. त्यांच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत निर्दोष ठरला. पण तोवर सणाचा हंगाम निघून गेला होता.

पुढील वर्षी पर्युषणानंतर क्षमायाचनेचे एक सुंदर चित्र मी सर्वांना एकदमच पाठवले. त्यांनाही ते गेले. उत्तर आले नाही. पत्नी म्हणाली, "चूकही पुढे पाठवली आणि क्षमाही पुढेच पाठवली का?" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पेढीवर गेलो. आप्पांनी बसवून घेतले, पाणी दिले, सारे ऐकले आणि म्हणाले, "क्षमा तर केलीच आहे. पण ज्या तीन गटांत ते पाठवलंत, तिथं हेही सांगाल का?" चित्रफीत पाठवायला दोन क्षण लागले होते, चुकीची कबुली देणाऱ्या तीन ओळी लिहायला मला दोन दिवस लागले.

असत्याचा वेग हा आज विज्ञानाच्या अभ्यासाचाही विषय आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्ता तपासल्या. खरीपेक्षा खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक आढळली. या फरकाचे मुख्य कारण स्वयंचलित यंत्रणा नसून माणसेच आहेत, असा त्यांचा २०१८ मधील निष्कर्ष होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अशा टोळ्यांच्या अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव पसरत होत्या. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

आपल्या आचार्यांनी ही मर्यादा फार पूर्वीच व्रतात घालून दिली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत मिथ्योपदेश आहे, दुसऱ्याचे गुपित उघड करणारे रहोभ्याख्यान आहे आणि खोटा लेख तयार करणारी कूटलेखक्रियाही आहे. कोणाच्या आजाराचा अहवाल वा घरगुती छायाचित्र गटात टाकताना रहोभ्याख्यान आठवावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रफीत समोर आली, की कूटलेख आठवावा. शिवाय कर्म हे कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारे बांधले जाते. "मी बनवले नाही, नुसते पाठवले," ही सबब तेथे टिकत नाही. खाली उमटवलेला अंगठाही अनुमोदनच असतो.

निवडणुकीच्या दिवसांत ही कसोटी अधिक कठीण होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दोन चित्रपट अभिनेत्यांच्या तोंडी राजकीय मते घालणाऱ्या बनावट चित्रफिती फिरल्या. दोघांनाही पोलिसांकडे तक्रार करावी लागली. आपल्या आवडत्या पक्षाला सोयीचे असत्य आपण तपासत नाही, विरोधकाचे सत्यही आपल्याला खोटे वाटते. अनेकान्त प्रवचनात ऐकणे सोपे आहे. भावाभावांच्या गटात राजकारणाची चर्चा पेटल्यावर तो पाळणे हीच खरी साधना आहे.

मी आता एक साधा व्यापारी नियम पाळतो. आलेला निरोप माझ्या पेढीच्या कागदावर, शिक्का मारून, सहीनिशी लिहून देता येईल का? देता येत असेल तरच पुढे पाठवायचा. परिणामी माझ्याकडून फारच थोडे पुढे जाते आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही.

क्षमेचे चित्र मात्र मी आता पाठवत नाही. ज्यांचा अपराध केला, त्यांच्या दारी जातो. गेल्या वर्षी सर्वांत आधी आप्पांकडे गेलो. त्या हंगामात तुटलेली काही गिऱ्हाइके त्यांच्याकडे अजून परतलेली नाहीत. त्यांनी ते बोलून दाखवले नाही. पण दोघांनाही ते ठाऊक आहे.