नखभर तांबं, कल्याणपर्यंत रांग

चिंचवडगावातल्या कुठल्या तरी मोरीत आज सकाळी कुणीतरी तांब्याचा गडू चिंचेने घासला असेल. गडू लखलखला, काम झालं. पण त्या चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि ते तांबं यांचा हिशेब मांडायला बसा, डोकं गरगरेल!

नखाएवढं तांबं घ्या, एक चौरस सेंटिमीटर. या आम्लाचा एकच थर दाटीने बसवला तर त्यावर रेणू मावतात सुमारे १८० लाख कोटी. रेणूमागे एक रुपया धरा. केंद्राचं २०२४-२५चं अंदाजपत्रक होतं ४८ लाख कोटींच्या घरात. म्हणजे तशी पावणेचार अंदाजपत्रकं एका नखावर! हेच रेणू एकामागे एक लावा. चिंचवड स्टेशनातून निघालेली रांग लोणावळा ओलांडते, घाट उतरते, कर्जत मागे टाकते आणि थेट कल्याण गाठते.

सुपारीएवढ्या चिंचेत हे आम्ल ग्रॅमभर तरी निघतं. तेवढ्यात तांब्याची बावीस गुंठे जमीन झाकली जाईल. (पिंपरी-चिंचवडात बावीस गुंठ्यांचा भाव आपण न काढलेलाच बरा.)

गडूवर अशी शिस्त दिसत नाही, कारण हवा स्वस्थ बसू देत नाही. तांब्याच्या प्रत्येक अणूवर हवेच्या रेणूंच्या सेकंदाला पंचवीस-तीस कोटी धडका! म्हणून शास्त्रज्ञ हवाच उपसून काढतात, दाब साडेसात लाख कोटीव्या हिश्शावर आणतात. मग चाकणच्या कारखान्यातली आख्खी शिफ्ट संपेपर्यंत एका अणूला जेमतेम एक धडक. अशा निर्वातात लिव्हरपूलच्या रस्मिता रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्यावर हे रेणू निजवले आणि २०००मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. तांब्याला भिडताना रेणू दोन्ही टोकांचा हायड्रोजन सोडतो आणि दोन पायांवर उभा राहतो. गर्दी झाली की एक पाय उचलतो. दोन पायांवरचे रेणू तीन-तीनच्या ओळी धरतात आणि सगळ्या ओळी एकाच बाजूला कलतात. आरशातला जुळा रेणू आणला, की ओळी बरोब्बर उलट्या कलतात!

रेणू आणि त्याचा हा जुळा म्हणजे जणू डावा आणि उजवा हात. चिंचेचा रेणू एकाच हाताचा, कारण झाड तो तसाच घडवतं. पण समजा, प्रत्येक रेणूचा हात नाणेफेकीवर सोडला असता तर? नुसते ४० रेणू घेतले, तरी सगळे त्या एकाच हाताचे निघायची शक्यता १.१ लाख कोटीत एक. सेकंदाला एक डाव खेळलात, तर तेवढे डाव संपायला पस्तीस हजार वर्षं! हे फक्त चाळीस हं. नखावरच्या १८० लाख कोटींसाठी डावांचा जो आकडा येईल, तो नुसता लिहायलाच ५४ लाख कोटी अंक लागतील. अंकाला दोन मिलिमीटर जागा दिली, तर पट्टी होते १०.८ कोटी किलोमीटर, म्हणजे सात लाखांहून जास्त वेळा मुंबई-पुणे!

आता ती सुपारीएवढी चिंच घ्या. तिच्यातल्या ग्रॅमभर आम्लाचा असाच आकडा त्याच दोन मिलिमीटरच्या अक्षरात लिहिला, तर पट्टीची लांबी अडीचशे प्रकाशवर्षं. पेशवाईत पहिल्या अंकापासून निघालेला प्रकाशाचा किरण आत्ता कुठे शेवटच्या अंकाशी पोचतोय!